पडद्यावरचा रिकामा अर्धा तास

मोठी घटना घडल्यानंतरचा पहिला अर्धा तास वृत्तवाहिनीसाठी सर्वांत अवघड असतो, कारण तेव्हा पाहणारे सर्वांत जास्त असतात आणि सांगण्यासारखे सर्वांत कमी असते. स्फोट झाला आहे, इमारत कोसळली आहे, पुलावर चेंगराचेंगरी झाली आहे, एवढे एकच वाक्य हाताशी असते. ते पडद्याखालच्या पट्टीवर गेले आणि अँकरने दोनदा उच्चारले, की उरलेला वेळ कशाने भरायचा हा प्रश्न उभा राहतो. या अर्ध्या तासाचे वाहिनी काय करते, यावर तिची पत जोखावी, असे माझे मत आहे. लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, एका मराठी वृत्तवाहिनीच्या आउटपुट डेस्कवर, म्हणजे पडद्यावर काय जाईल हे ठरवणाऱ्या विभागात, मी बरीच वर्षे काम केले, आणि हे मत तिथे बनलेले आहे.

पहिली खबर बहुधा असाइनमेंट डेस्कवर, म्हणजे रिपोर्टरांना कामावर पाठवणाऱ्या विभागात, येते. अग्निशमन दलातला कोणी ओळखीचा, रुग्णालयातला वॉर्डबॉय, रेल्वे स्थानकाबाहेरचा दुकानदार, हल्ली पत्रकारांच्या व्हॉट्सअॅप गटात पडलेला एखादा संदेश, यांपैकी कोणीतरी ती पोहोचवतो. लगेच जवळच्या रिपोर्टरला फोन जातो, थेट चित्र पाठवणारी ओबी व्हॅन कुठे आहे याची विचारणा होते, आणि पॅनलवरून, म्हणजे प्रक्षेपण चालवणाऱ्या खोलीतून, हुकूम येतो की तोवर फोनो घ्या. फोनो म्हणजे रिपोर्टरचा नुसता आवाज, सोबत पडद्यावर त्याचा फोटो आणि मुंबईचा नकाशा. आता गंमत अशी, की त्या क्षणी रिपोर्टर घटनास्थळी नसतो. तो शीवच्या सिग्नलला टॅक्सीत अडकलेला असतो किंवा दादरला गाडी बदलत असतो. तरी अँकर त्याला विचारते, "तिथे सध्या काय परिस्थिती आहे?" आणि तो जे सांगतो ते दोन मिनिटांपूर्वी आमच्याच डेस्कने त्याला फोनवर सांगितलेले असते. डेस्कवरची अर्धीमुर्धी माहिती रिपोर्टरच्या तोंडून परत आली की तिला प्रत्यक्षदर्शी माहितीचे रूप येते. समोरच्या भिंतीवर सगळ्या वाहिन्यांचे टीव्ही आवाज बंद करून लावलेले असतातच. आमची पट्टी पाहून दुसरी वाहिनी तेच चालवते आणि दुसऱ्या वाहिनीवर दिसले म्हणून आमच्याकडे कोणीतरी म्हणतो, "चला, कन्फर्म झाले." एकच खबर अशी गोल फिरून स्वतःचीच साक्षीदार होते. यात कोणी ठरवून खोटे बोललेले नसते.

मग व्हॅन पोहोचते. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापर्यंत सिग्नल जाऊन परत यायला साधारण पाव सेकंद लागतो, त्यात चित्राचे संकेतात रूपांतर होण्याचा वेळ मिळवावा लागतो, म्हणून अँकरचा प्रश्न संपल्यावर रिपोर्टर क्षणभर नुसता मान हलवत उभा दिसतो. अलीकडे पाठीवरच्या बॅकपॅकने काम सोपे केले आहे. त्यात वेगवेगळ्या मोबाइल कंपन्यांची सिमकार्डे असतात आणि सगळ्यांचे नेटवर्क एकत्र करून चित्र पाठवले जाते. मात्र मोठ्या घटनेच्या जागी हजारो लोक एकाच वेळी फोन लावत असतात, नेटवर्क कोलमडते, आणि नेमके सर्वांत गरजेच्या वेळी हे यंत्र थकते. तेव्हा जुनी, डोक्यावर तबकडी असलेली व्हॅनच उपयोगी पडते. तिच्यातून आलेले पहिले चाळीस सेकंदांचे दृश्य पॅनलवर लूपमध्ये लागते आणि पुढचा तासभर तेच फिरत राहते. तोच स्ट्रेचर बारा वेळा रुग्णवाहिकेत चढतो. नुकताच टीव्ही लावलेल्या माणसाला वाटते की एकामागून एक जखमी निघत आहेत. कोपऱ्यात लाइव्ह ही पट्टी तशीच असते, आणि ती अँकरच्या चौकटीपुरती खरीही असते.

पडदा रिकामा राहू नये ही भीती जुनी आहे. पूर्वी मात्र तंत्राच्या मर्यादेने तिला आवर घातला होता. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्याची बातमी सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या वॉल्टर क्रॉन्काइट यांनी प्रथम नुसत्या आवाजात दिली, कारण स्टुडिओतला कॅमेरा तापून तयार व्हायलाच बराच वेळ लागत असे. प्रेक्षकांना दिसत होती ती फक्त एक पाटी. पुढे चित्र आले, डॅलसहून अध्यक्ष मरण पावल्याचे निरोप येऊ लागले, आणि क्रॉन्काइट ते निरोप सांगतानाच याला अधिकृत दुजोरा नाही हेही सांगत राहिले. वृत्तसंस्थेचा अधिकृत कागद हातात आल्यावरच त्यांनी मृत्यूची बातमी बातमी म्हणून वाचली. त्यांनी चष्मा काढला त्या क्षणाची चित्रफीत पत्रकारितेच्या वर्गांत भक्तिभावाने दाखवतात. माझ्या दृष्टीने तिच्या आधीची मिनिटे अधिक मोलाची आहेत, कारण माहीत असलेले आणि ऐकलेले यांतली रेघ तेवढा वेळ पडद्यावर जागच्या जागी होती.

आपल्याकडे ती रेघ प्रथम पुसली जाते मृतांच्या आकड्यात. महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष रुग्णालयनिहाय यादी देतो: या रुग्णालयात इतके दाखल, इतके दाखलपूर्व मृत, इतके उपचार घेऊन घरी. ही यादी सावकाश वाढते. दरम्यान एक रिपोर्टर केईएमच्या दारात असतो, दुसरा शीव रुग्णालयात, तिसरा नायरला. जखमीला एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवले की तो दोन्ही रिपोर्टरांच्या वहीत येतो. पोलीस वेगळा आकडा सांगतात, स्थानिक नगरसेवक त्याहून मोठा. मग वाहिन्यांत चढाओढ लागते, आणि तिच्यात आकडा फक्त वर जाऊ शकतो. खाली आला तर माघार घेतल्यासारखे दिसते. आमचे आउटपुटप्रमुख या बाबतीत फार कर्मठ होते. नियंत्रण कक्षाचा आकडा आणि त्याची वेळ, या दोन गोष्टी पट्टीवर एकत्र असल्याच पाहिजेत, हा त्यांचा दंडक होता. त्यामुळे आम्ही बहुतेक वेळा मागे दिसायचो आणि संपादकीय बैठकीत त्याबद्दल ऐकून घ्यायचो.

एका पावसाळी रात्री जुनी चाळ कोसळली होती. सार्वजनिक रुग्णालयाच्या भिंतीवर कर्मचाऱ्याने जाड मार्करने लिहिलेली नावांची यादी चिकटवली होती: नाव, वय, आणि काही नावांपुढे एक छोटी फुली. आमच्या कॅमेरामनने ती यादी वरपासून खालपर्यंत इतकी स्वच्छ टिपली होती की प्रत्येक अक्षर वाचता येत होते. पॅनलवरच्या मुलाने ती फुल फ्रेम घेतली, आणि आमचे प्रमुख खुर्चीतून उठून आत गेले.

"यादी उतरव आधी. यातल्या कोणाच्या आईला अजून फोनही गेला नसेल."

"सर, समोरच्यांनी दोघांनी चालवली आहे."

"चालवू दे. आपण रुग्णालयाचा चौकशीचा नंबर चालवू. मोठ्या अक्षरांत, आणि अँकरला सांग, दर पाच मिनिटांनी वाचायचा."

यादी उतरली आणि नंबर लागला. दुसऱ्या दिवशी त्या नंबराविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. बैठकीत चर्चा झाली ती यादी आपल्याकडे आधी असूनही मागे का राहिलो याची. पण पुढे काम करताना कुठलेही दृश्य चढवण्यापूर्वी मी स्वतःला एक प्रश्न विचारू लागलो, आणि तो त्या रात्रीचा आहे: हे पाहून पाहणारा काय करू शकेल? जवळच्या माणसाला शोधू शकेल का, घराबाहेर पडायचे की नाही हे ठरवू शकेल का, निदान काय घडले हे नीट समजू शकेल का? यांपैकी काहीच नसेल, तर ते दृश्य आमची वेळ भरण्यासाठी आहे.

या प्रश्नाला मुंबईतच एक अवघड अपवाद सापडतो. १२ मार्च १९९३ रोजी शहरात साखळी बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगली नुकत्याच शमल्या होत्या आणि शरद पवार मुख्यमंत्री होऊन आठवडाही उलटला नव्हता. बातम्यांसाठी तेव्हा सगळ्यांची भिस्त दूरदर्शनवर होती. पवारांनी दूरदर्शनवर येऊन स्फोटांची ठिकाणे सांगताना मशीद बंदरचे नाव मुद्दाम जोडले. एकाच समाजाच्या वस्त्या लक्ष्य झाल्या असे वाटून पुन्हा दंगल उसळू नये, म्हणून आपण एक ठिकाण वाढवून सांगितले, हे त्यांनी पुढे स्वतःच उघडपणे सांगितले आहे. दंगल उसळली नाही. या प्रसंगाकडे मी अनेकदा वळून पाहिले आहे आणि दर वेळी थोडा अस्वस्थ झालो आहे. पाहणाऱ्याच्या हिताचा विचार त्यात शंभर टक्के होता आणि माहिती शंभर टक्के खरी नव्हती. राज्यकर्त्याला ती मुभा असावी की नसावी, यावर माणसे भांडत राहतील; वाहिनीला मात्र ती नसावी, असे मला ठामपणे वाटते. आज मुख्यमंत्र्याने असे एखादे ठिकाण सांगितले, तर दहा मिनिटांत तिथे चार कॅमेरे पोहोचतील आणि तिथे काहीच घडलेले नाही हे लाइव्ह दिसेल. सरकारच्या शब्दावर शहर निजण्याचा तो काळ संपला. त्याआधी, ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी, इंदिरा गांधींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या आणि सरकारी माध्यमांनी मृत्यूची बातमी संध्याकाळपर्यंत दिली नाही. तोवर परदेशी रेडिओ ऐकणाऱ्यांकडून ती गल्लोगल्ली पोहोचली होती. तेव्हा मौन हासुद्धा काही सुरक्षित पर्याय नाही.

मौनाने काय होते हे २००५ च्या पावसातही दिसले. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच काळात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. दक्षिण मुंबईत बसलेल्यांना उपनगरांत काय चालले आहे याची कल्पना येईना आणि उपनगरांत वीज नसल्याने ज्यांना माहितीची सर्वाधिक गरज होती त्यांचेच टीव्ही बंद होते. मुंबईबाहेरचे नातेवाईक मात्र पाण्यात बुडालेल्या गाड्या दिवसभर बघत बसले होते. दोन दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, धरण फुटल्याची, त्सुनामी येत असल्याची अफवा पसरली आणि जुहूजवळच्या नेहरूनगर वस्तीत चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली. पाण्याची दृश्ये शेकडो तास दाखवली गेली होती. पाणी ओसरत आहे आणि धरणांना धोका नाही, ही दोन वाक्ये ज्यांना हवी होती त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचली नाहीत.

आता २६ नोव्हेंबर २००८. याविषयी लिहिताना हात आखडतो, पण या विषयावर लिहायचे आणि ते टाळायचे, असे करता येत नाही. मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या २००७ पासून सुरू झाल्या होत्या. म्हणजे मराठी डेस्क तेव्हा अक्षरशः कोवळे होते आणि अनुभवी म्हणवणारी हिंदी-इंग्रजी वाहिन्यांची मंडळीही असल्या प्रसंगासाठी तयार नव्हती. जवळपास साठ तास सलग प्रक्षेपण चालले. ताज आणि ट्रायडंटसमोर कॅमेऱ्यांच्या रांगा लागल्या. एका हिंदी वाहिनीने आत लपलेल्या हल्लेखोराशी फोनवर बोलणे प्रसारित केले. २८ तारखेच्या सकाळी कुलाब्याच्या नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरणारे कमांडो साऱ्या जगाने पाहिले, आणि ज्यांच्याविरुद्ध ते उतरत होते त्यांच्या पाकिस्तानातल्या सूत्रधारांनीही पाहिले. त्याच दुपारी सीएसटीवर पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची बातमी अनेक वाहिन्यांनी चालवली. ती निव्वळ अफवा होती, पण कार्यालये भराभर रिकामी झाली. शहरात केबलवरून वृत्तवाहिन्या काही काळ बंदही करण्यात आल्या. तेव्हा लोक आणखी घाबरले.

सूत्रधार आणि हल्लेखोर यांच्यातली फोनवरची संभाषणे पकडली गेली होती आणि पुढे ती न्यायालयासमोर आली. ती वाचताना सर्वांत बोचते ती एक गोष्ट: ताजमध्ये आग लावण्याचा, ज्वाळा लोकांना दिसल्या पाहिजेत याचा सूत्रधारांनी धरलेला आग्रह. ते स्वतः टीव्हीसमोर बसून होते आणि पडद्यावर काय दिसावे हे ठरवत होते. आमच्या धंद्यात ज्याला पॅनल प्रोड्युसर म्हणतात, ती खुर्ची त्या तीन दिवसांत कराचीत होती, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबच्या खटल्याच्या निकालात वाहिन्यांच्या वार्तांकनावर स्वतंत्रपणे टिप्पणी केली. हल्लेखोर कुठे आहेत, त्यांच्याजवळ काय आहे, हे सुरक्षा दलांना दिसत नव्हते आणि सुरक्षा दलांची प्रत्येक हालचाल पलीकडे टीव्हीवर दिसत होती, असा त्या टिप्पणीचा गाभा आहे. या प्रक्षेपणामुळे एखाद्या जवानाला इजा झाली की नाही हे सांगता येणार नाही, मात्र त्यांचे काम अधिक कठीण आणि धोक्याचे झाले यात शंका नाही, असे न्यायालयाने म्हटले. आणि हे सारे देशहितासाठी नव्हे, वाहिन्यांच्या व्यापारी हितासाठी चालले होते, असेही. न्यायालयाची भाषा कडक आहे आणि तिच्यातले एकही वाक्य खोडावेसे मला वाटत नाही.

फक्त एक पुरवणी जोडावीशी वाटते. असे काही होऊ शकते हे कोणालाच माहीत नव्हते, हा बचाव तेव्हा आमच्या क्षेत्रात सर्रास ऐकू यायचा. तो टिकत नाही. ५ सप्टेंबर १९७२ रोजी म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले होते. पोलीस छपरावरून शिरकाव करू पाहत असल्याचे अतिरेक्यांना खोलीतल्या टीव्हीवर दिसले आणि ती कारवाई सोडून द्यावी लागली. मुंबई दूरदर्शन सुरू झाले त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्या शहरात टीव्ही येण्याआधीच हा धडा जगाला मिळालेला होता. रशियातल्या बेसलान शाळेच्या वेढ्यानंतर बीबीसीने २००५ मध्ये ठरवले की अशा नाजूक घटनांचे थेट चित्र काही सेकंद उशिराने सोडायचे, म्हणजे नको ते दृश्य आले तर कापता येईल. २००८ पर्यंत ही सोय जगात वापरात होती. आपल्याकडे उशीर या कल्पनेचीच लाज वाटायची.

२६ नोव्हेंबरच्या त्या रात्री सीएसटीवर दुसराही एक माणूस लाइव्ह होता. उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या वरच्या केबिनमध्ये होते. खाली गोळीबार सुरू झाल्याचे त्यांना दिसले आणि त्यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या बाजूने, एक नंबर फलाटावरून बाहेर पडण्याच्या सूचना द्यायला सुरुवात केली. त्या सूचना ऐकून कित्येक माणसे वाचली. त्यांच्या केबिनच्या दिशेने गोळ्या आल्या, तरीही ते बोलत राहिले. स्थानकात पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. झेंडे नसते तर हा आकडा किती झाला असता, कोण सांगणार? त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता, पट्टी नव्हती, हल्लेखोर कोण आणि किती हेही त्यांना माहीत नव्हते. जे डोळ्यांना दिसले त्यातून ऐकणाऱ्याच्या उपयोगाचे तेवढेच त्यांनी निवडले, नेमके आणि पुन्हा पुन्हा सांगितले. घटना घडत असताना तिचे वार्तांकन कसे करावे, याचा याहून चांगला नमुना मला साठ तासांच्या प्रक्षेपणात सापडत नाही. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात क्रॉन्काइटच्या शेजारी झेंडे यांना जागा द्यायला हवी, असे मी एकदा एका महाविद्यालयात बोललो, तर समोरच्या प्राध्यापकांना तो विनोद वाटला.

हल्ल्यानंतर नियम आले. माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली वाहिन्यांच्या संघटनेने स्थापन केलेल्या प्राधिकरणाकडून डिसेंबर २००८ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या: कारवाईचे तपशील दाखवू नयेत, ओलिसांशी किंवा हल्लेखोरांशी थेट बोलू नये. सरकारने मार्च २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांतच दुरुस्ती केली. दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपण करायचे नाही आणि कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी वेळोवेळी जी माहिती देईल तेवढ्यावर थांबायचे, असे त्यात आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये सरकारला हाच नियम पुन्हा लेखी सूचनेने आठवून द्यावा लागला. नियम चांगला आहे, पण त्याची कक्षा बंदूक आणि कमांडो यांच्यापुरतीच आहे. इमारत कोसळते, फलक पडतो, लोकल गाडीतून माणसे पडतात, तेव्हा हा नियम लागू नसतो. तिथे डेस्कवरच्या माणसाची समज, एवढाच बंदोबस्त आहे.

त्या समजेला आता नवे काम लागले आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे दगावली. तो कोसळतानाचा व्हिडिओ कोणाच्या तरी मोबाइलमधून निघून, वाहिन्यांच्या व्हॅन पंतनगरला पोहोचण्याआधी लाखो फोनवर गेला होता. पेट्रोलच्या टाक्या खाली असल्याने गॅस कटर वापरण्यात अडचण होती, म्हणून बचावकार्य रेंगाळले. हे कारण ज्या वाहिनीने शांतपणे समजावून दिले, तिने माझ्या लेखी बातमी दिली. इतरांनी फलक पडतानाचे दृश्य वर्तुळ आणि बाण काढून रात्रभर पाडले.

मोबाइलचे दृश्य आले की पहिला प्रश्न, ते आजचे आहे का? पावसाळ्यात तर हा रोजचा उद्योग असतो. हिंदमाताला पाणी तुंबले की तासाभरात पन्नास व्हिडिओ येतात आणि त्यांतले निम्मे मागच्या कुठल्या तरी वर्षांचे असतात. डेस्कवरची मुले त्यावर जुन्या सराफासारखी नजर लावून बसतात. जुनी पद्मिनी टॅक्सी दिसली तर व्हिडिओ बाद, कारण तिची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. बेस्टची लाल, बिनवातानुकूलित डबलडेकर दिसली तरी बाद, ती त्याच्या महिनाभर आधी बंद झाली. दुकानाची पाटी, मेट्रोचा खांब, भिंतीवर लावलेल्या सिनेमाच्या जाहिराती, निवडणुकीचे बॅनर, सगळे पाहिले जाते. हे काम मन लावून करणारी मुलेमुली मी पाहिली आहेत. पगार बेताचा, शिफ्ट बारा तासांची, आणि यश कोणाला दिसत नाही, कारण यश म्हणजे न दाखवलेला व्हिडिओ. मराठी वाहिन्यांच्या नावाने सरसकट बोटे मोडणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

अर्थात, त्यांच्या हातात सगळे नसते. एवढी साधी सुधारणा, की प्रत्येक दृश्यावर ते किती वाजता टिपले ती वेळ लिहावी, मी ज्या ज्या बैठकीत सुचवली त्या प्रत्येक बैठकीत एकच उत्तर मिळाले. वेळ लिहिली की दृश्य शिळे झाल्याचे प्रेक्षकाला कळेल आणि तो पुढच्या चॅनलवर जाईल. म्हणजे प्रेक्षकाला जे कळणे त्याच्या फायद्याचे, तेच आमच्या तोट्याचे; इतका स्पष्ट हिशेब मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेला नाही.

हा हिशेब मोडण्याची एक संधी येऊन गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीतल्या गैरप्रकारांचा तपास सुरू केला आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणे थांबवले गेले. मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले ते चार आठवड्यांच्या सरासरीने, त्यामुळे एका रात्रीच्या आरडाओरड्याने आकडा फारसा हलत नाही. मधल्या जवळपास दीड वर्षात आकडेच नव्हते, तेव्हा बुलेटिन थोडे शांत होतील अशी माझी अपेक्षा होती. झाले असे, की त्याच सुमारास वाहिन्यांचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर जोमाने वाढले आणि या क्षणी किती जण पाहत आहेत हा आकडा पडद्याखालीच दिसू लागला. टीआरपी आठवड्यातून एकदा यायची. हा आकडा दर काही सेकंदांनी बदलतो. गेल्या पावसाळ्यात जुन्या सहकाऱ्यांना भेटायला डेस्कवर गेलो होतो, तेव्हा पॅनलवरच्या मुलीच्या डाव्या हाताला तो आकडा दाखवणारा एक वेगळा मॉनिटर लावलेला होता. एक रिपोर्टर पाण्यात गुडघाभर उभा राहून लोकल कुठून कुठपर्यंत सुरू आहेत हे सांगत होता, आणि ते चालू असताना आकडा खाली येत होता. तिने टॉकबॅकवर, म्हणजे त्याच्या कानातल्या यंत्रावर, त्याला सांगितले, "सर, दोन पावले अजून आत जा, पाणी कमरेपर्यंत दिसू दे." तो गेला. लोकलचे राहिलेले वेळापत्रक त्याने पाण्यात उभे राहूनच पूर्ण सांगितले, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.